महाविद्यालयाच्या वार्षिकांकासाठी माजी विद्यार्थी वृत्त कसे तयार करावे

माजी विद्यार्थ्यांच्या नियुक्त्या, पदव्या, विवाह, निवृत्ती आणि निधन यांच्या नोंदी एकत्र करण्याचे काम बहुधा एखाद्या तरुण प्राध्यापकाकडे किंवा माजी विद्यार्थी संघाच्या चिटणीसाकडे येते, आणि छापखान्याची तारीख जवळ आली की आलेला मजकूर जसाच्या तसा लावला जातो. या सदराचा खरा वाचक मात्र वीस-पंचवीस वर्षांत भेट न झालेला वर्गमित्र असतो. नोंद वाचून त्याला माणूस ओळखता आला पाहिजे, आणि काय घडले व केव्हा घडले हे निःसंदिग्धपणे कळले पाहिजे.

ओळख पटवण्यासाठी प्रवेशनोंदीतील पूर्ण नाव, अभ्यासक्रम व मुख्य विषय, आणि पदवीचे वर्ष एवढे पुरते. विवाहानंतर आडनाव बदललेल्या विद्यार्थिनीचे माहेरचे नावही तिच्या संमतीने द्यावे, कारण तिच्या वर्गाला तेच ठाऊक असते. वर्षाबाबत अंकात एकच पद्धत ठरवून ती छापावी. कोणी 'ब्याण्णवची बॅच' म्हणताना प्रवेशाचे वर्ष सांगतो, कोणी उत्तीर्ण झाल्याचे, आणि ज्यांना एटीकेटीमुळे एखादे वर्ष जास्त लागले त्यांची मैत्री दोन्ही बॅचशी असते. अशांना कोणत्या वर्गाबरोबर नोंद हवी हे त्यांनाच विचारावे. ज्येष्ठांच्या बाबतीत आणखी एक सावधगिरी हवी. महाराष्ट्रात दहावीची पहिली शालान्त परीक्षा 1975 मध्ये झाली. त्यापूर्वीची अकरावी ही शाळेतली मॅट्रिक होती. त्यामुळे सत्तरी ओलांडलेल्या गृहस्थांनी अर्जात 'अकरावी' लिहिले असेल तर ती कनिष्ठ महाविद्यालयातील समजू नये.

संस्थांची नावे त्या काळची ठेवावीत. पुणे विद्यापीठ 1949 मध्ये सुरू झाले, म्हणून त्याआधीच्या फर्ग्युसन किंवा स. प. महाविद्यालयाच्या पदवीधराची पदवी मुंबई विद्यापीठाची असते. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ हे नाव 2014 पासूनचे आहे. हाच नियम कारखान्यांनाही लावावा. जो अभियंता पिंपरीच्या टेल्कोत 1978 मध्ये रुजू झाला, त्याच्या निवृत्तीच्या नोंदीत 'टेल्को (आताची टाटा मोटर्स)' असे लिहिले की त्याचे सहकारी आणि आजचा विद्यार्थी या दोघांचीही सोय होते.

सर्वांत अधिक घोळ घटनेचा टप्पा सांगताना होतो. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या गुणवत्ता यादीत नाव येणे, आयोगाने शिफारस करणे, शासनाने नियुक्तीपत्र देणे आणि उमेदवाराने प्रत्यक्ष रुजू होणे या वेगवेगळ्या तारखांना घडणाऱ्या गोष्टी आहेत, आणि त्यांत काही वेळा बरेच महिने जातात. सदाशिव पेठेतील अभ्यासिकांमध्ये बसणाऱ्या कोणालाही हे अंतर सांगावे लागत नाही; वार्षिकांक मात्र निकाल लागताच 'उपजिल्हाधिकारी झाले' असे छापून मोकळा होतो. पीएचडीचेही तसेच आहे: प्रबंध सादर झाला, मौखिकी झाली की पदवीची अधिसूचना निघाली, हे विचारूनच क्रियापद निवडावे. सनदी लेखापालाने अंतिम परीक्षा उत्तीर्ण होणे वेगळे आणि संस्थेचे सभासदत्व घेणे वेगळे. वकिलाची कायद्याची पदवी वेगळी आणि सनद वेगळी. जो टप्पा पूर्ण झाला आहे तोच लिहावा व पुढचा पुढच्या अंकासाठी ठेवावा.

मजकुरातून विशेषणे काढून टाकावीत. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांच्याविषयी 'महाविद्यालयाचे नाव सातासमुद्रापार नेले' असे लिहिण्यापेक्षा 'फर्ग्युसनचे विद्यार्थी. 1899 मध्ये केंब्रिजच्या गणित परीक्षेत सीनियर रँग्लर (प्रथम स्थान). 1902 पासून फर्ग्युसनचे प्राचार्य' एवढे लिहिले तर वाचकाला जास्त मिळते आणि जागाही कमी लागते. नोंद साठ शब्दांच्या आत बसवावी. मंत्र्याची नोंद चौकटीत आणि ग्रंथपालाची तळटिपेत, असा भेद करू नये. सर्व नोंदी बॅचच्या क्रमाने, जुन्यांपासून नव्यांपर्यंत लावाव्यात. पदाच्या उतरंडीने लावलेले सदर लोक दोन वर्षांत वाचायचे सोडतात असे माझे मत आहे.

आपणहून माहिती पाठवणारे बहुधा परदेशी नोकरी किंवा पुरस्कार मिळालेले असतात. मुळशीच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवणारी, लक्ष्मी रस्त्यावरचे वडिलांचे दुकान चालवणारा, आईच्या आजारपणामुळे दहा वर्षे नोकरी सोडून पुन्हा कामाला लागलेली किंवा पन्नाशीत एम.ए. पूर्ण करणारा माणूस 'माझे काय छापायचे' म्हणून गप्प राहतो. म्हणून अर्जात 'आपले यश कळवा' असे न विचारता 'गेल्या काही वर्षांत काम, शिक्षण वा घर यांत काय बदलले' असे विचारावे. प्रत्येक बॅचमागे सर्वांच्या संपर्कात असलेली एक व्यक्ती शोधून तिच्याकडे ते काम सोपवावे, आणि वयोवृद्धांना अर्ज पाठवण्यापेक्षा सरळ दूरध्वनी करावा. संकलनासाठी डिसेंबर सोयीचा पडतो, कारण परदेशस्थ मंडळी तेव्हा पुण्यात असतात आणि स्नेहमेळावेही होतात.

घरगुती नोंदी संबंधित व्यक्तीच्या लेखी संमतीशिवाय घेऊ नयेत. मित्राने उत्साहाने कळवलेला विवाह हीदेखील ऐकीव बातमीच होय. घटस्फोट व आजार छापू नयेत. बाळाच्या जन्माची नोंद आईवडिलांनी दिली तरी जन्मतारीख व छायाचित्र वगळावे. निधनाची बातमी व्हॉट्सॲपच्या गटावर कितीही जणांनी श्रद्धांजली वाहिलेली असली तरी कुटुंबीयांकडून खात्री झाल्यावरच घ्यावी, आणि त्यात तारीख, गाव, अभ्यासक्रम व कार्यक्षेत्र असावे. मृत्यूचे कारण नसावे.

अंक छापण्यापूर्वी प्रत्येकाला त्याची नोंद वाचायला पाठवून उत्तरासाठी आठवड्याची मुदत द्यावी आणि आलेली उत्तरे जपून ठेवावीत. चूक राहिलीच तर पुढील अंकात त्याच सदराच्या आरंभी दुरुस्ती द्यावी. जमलेले दूरध्वनी क्रमांक व पत्ते ज्या कामासाठी मागितले त्याच कामापुरते वापरावेत. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी 2023 मध्ये झालेल्या कायद्याचा रोखही तोच आहे. एखाद्या प्रायोजकाने जाहिरातीच्या मोबदल्यात ती यादी मागितली तर नकार लेखी कळवावा व त्याची प्रत संघाच्या दप्तरी ठेवावी.