काकांचा जुना अँप भंगारात देऊ नका, होम थिएटरला जोडा

बऱ्याच घरांत असतो असा एक. काकांनी ऐंशीच्या आसपास मस्कतहून आणलेला, चंदेरी तोंडाचा, उचलायला गेलं की कंबर धरणारा स्टिरिओ अँप म्हणजे अँप्लिफायर, आता माळ्यावर जुन्या चादरीत गुंडाळून ठेवलेला. आणि खाली हॉलमध्ये नवा टीव्ही, एव्ही रिसिव्हर (टीव्हीचा आवाज घेऊन सगळे स्पीकर वाजवणारा डबा), पाच स्पीकर. दोन्ही एकत्र चालतात, मी गेली काही वर्षं चालवतोय. पिक्चर बघताना पुढचे डावा-उजवा स्पीकर काकांचा अँप वाजवतो, सेंटर आणि मागचे रिसिव्हर सांभाळतो, आणि रेकॉर्ड लावायची असली की रिसिव्हर बंदच, टर्नटेबल थेट जुन्या अँपला.

पण आधी एक काम करा, माळ्यावरून काढला आणि खुपसला प्लग असं अजिबात नको. मागच्या प्लेटवर व्होल्टेज वाचा. आखाती देशातून आलेले बहुतेक २२० किंवा २४०चे असतात, ते ठीक. अमेरिकेतून आलेला १२०चा, जपानमधलाच १००चा, त्यांना आपली २३० दिली तर धूरच. त्यासाठी स्टेप डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो. काहींना मागे व्होल्टेज बदलायचं बटण असतं, तेही बघून घ्या.

वर्षानुवर्षं बंद असलेला अँप पहिल्यांदा सिरीज बल्बवर, म्हणजे मेन लाइनच्या मधे एक बल्ब जोडून, चालू करा, कुठलाही वायरमन बनवून देईल. ६० किंवा १०० वॉटचा जुना पिवळा बल्ब, एलईडी चालत नाही. बल्ब क्षणभर भक्कन पेटून मंद झाला तर बरं, तसाच ढणाढणा पेटत राहिला तर आत शॉर्ट आहे, बंद करा. मग स्पीकर न जोडता, व्हॉल्यूम शून्यावर ठेवून, मल्टिमीटर डीसी मिलिव्होल्टवर लावून स्पीकरच्या टर्मिनलवर मोजा. ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर निवांत. १००च्या वर गेलं तर मेकॅनिककडेच न्या, कारण तो डीसी थेट तुमच्या वूफरच्या कॉइलमध्ये जातो आणि स्पीकर अँपपेक्षा महाग पडतो. नॉब फिरवताना खरखर येते ती मात्र किरकोळ गोष्ट, काँटॅक्ट क्लीनर मारून वीसेक वेळा इकडून तिकडे फिरवा. मुंबईत लॅमिंग्टन रोडला नाहीतर पुण्यात तपकीर गल्लीत हे सगळं सामान मिळून जातं.

आता जोडणी. रिसिव्हरच्या मागे ‘प्री आउट’ (दुसऱ्या अँपसाठी सिग्नल बाहेर देणारं सॉकेट) लिहिलेलं आणि त्यात फ्रंट एल-आर, म्हणजे पुढचा डावा-उजवा, असं काही आहे का बघा. स्वस्त रिसिव्हरमध्ये बऱ्याचदा फक्त सबवूफरचंच प्री आउट असतं, ते इथे कामाचं नाही. असलं तर साधी आरसीए केबल (लाल-पांढऱ्या पिनची) तिथून जुन्या अँपच्या ऑक्सला (बाहेरचं मशीन जोडायचं इनपुट) लावायची, ऑक्स नसेल तर ट्यूनर किंवा टेप इनपुटला, सगळं सारखंच. फोनोला चुकूनही नाही!! फोनो इनपुट सुईतून येणाऱ्या दोन-चार मिलिव्होल्टसाठी असतं, त्याला रिसिव्हरचा व्होल्टभर सिग्नल दिला तर फाटका आवाज आणि बेसचा नुसता चिखल. आणि रिसिव्हरच्या स्पीकर टर्मिनलवरून वायर काढून अँपच्या इनपुटला लावायची आयडिया कोणी दिली तर त्याला चहा पाजा आणि घरी पाठवा. पुढचे दोन स्पीकर रिसिव्हरवरून काढून जुन्या अँपला लावा, एकाच स्पीकरला दोन्ही अँप कधीच जोडायचे नाहीत, एक बंद असला तरी नाही.

काही जुन्या अँपमध्ये मागे ‘प्री आउट’ आणि ‘मेन इन’ असे दोन सॉकेट पत्र्याच्या छोट्या यू आकाराच्या जंपरने जोडलेले असतात. १९७८चा एनएडी ३०२० बघा, त्यात आहेत. जंपर काढून रिसिव्हर थेट मेन इनला लावला की अँपचा व्हॉल्यूम नॉब मधे येतच नाही, सगळा व्हॉल्यूम रिसिव्हरच्या रिमोटवर. तांत्रिकदृष्ट्या हेच स्वच्छ. पण मग रेकॉर्ड ऐकायची तर दरवेळी मागे वाकून जंपर परत लावा, म्हणून मी ऑक्सवरच आहे.

ऑक्सवर खरी गोम नॉबची आहे. नॉब घड्याळात दहा वाजतात तिथे ठेवा, बास-ट्रेबल मधोमध, बॅलन्स मधोमध, लाउडनेसचं बटण बंद, मग रिसिव्हरचा माइक लावून ऑटो कॅलिब्रेशन (रिसिव्हर स्वतःच स्पीकरचे आवाज मोजून जुळवतो ते) चालवा. संपलं की स्पीकर लेव्हलचे आकडे बघा. फ्रंट डावा-उजवा जर उणे १२ला जाऊन टेकला असेल (बऱ्याच रिसिव्हरची हद्द तिथेच असते) तर अँप जास्त जोरात आहे, नॉब थोडा खाली आणून परत चालवा. अधिक १२ला असेल तर नॉब वर. बाकीच्या स्पीकरच्या आसपास आकडा आला की झालं. ‘फेज उलटा’ (म्हणजे स्पीकरचा पडदा उलट दिशेने हलतोय) असं काही दाखवलं तर आधी लाल-काळी वायर तपासा, ती बरोबर असेल तर काही जुने अँप स्वतःच फेज उलटवतात, मग दोन्ही स्पीकरच्या वायरी उलट्या लावून बघा.

आणि नॉबची जागा ठरली की तिथे खूण करा. मी नव्हती केली. एकदा आईने धूळ पुसताना नॉब पुढे ढकलला, मला पत्ता नाही, संध्याकाळी पिक्चर लावला तर माणसं कुजबुजतायत आणि गाणं आलं की खिडक्या थरथरतायत. संवाद सेंटरमधून येतात ना, सेंटर रिसिव्हरवर. अर्धा तास पिक्चरवाल्यांना शिव्या घातल्या. आता नॉबवर बायकोच्या लाल नेलपॉलिशचा ठिपका आहे.

पाव्हण्यांसारखी येते ती घुंSSS अशी हम. आधी दोन्ही मशीन एकाच एक्स्टेंशन बोर्डावर घ्या. तरी गेली नाही तर डिशची किंवा केबलची जाड वायर सेटटॉप बॉक्समधून काढून बघा, माझ्याकडे दोषी तीच निघाली. त्या वायरसाठी आयसोलेटर मिळतो. प्लगची अर्थिंगची पिन कापणारे महाभाग असतात, हम जाते आणि शॉक बसायची सोय होते, ते करू नका.

आवाजात जादू होते का? खरं सांगायचं तर पिक्चरमध्ये फार फरक नाही, रिसिव्हरवरचा भार हलका होतो एवढंच. खरी मजा रेकॉर्डला, आणि फ्रंट स्पीकर मोठे, भूक जास्त असेल तर थोडी त्यात.

रिसिव्हरला प्री आउटच नसेल तर टीव्हीचं ऑप्टिकल आउट एका छोट्या डीएसीला (डिजिटल आवाज अँपला चालेल असा करून देणारी डबी) देऊन तिथून अँपच्या ऑक्सला जा, टीव्हीच्या सेटिंगमध्ये आवाज पीसीएमवर (साधा डिजिटल आवाज) ठेवा, नाहीतर नुसता सन्नाटा. पाच स्पीकर नाही वाजणार, दोनच वाजतील, आणि व्हॉल्यूम बहुतेक वेळा उठूनच फिरवावा लागेल.

चालू करताना आधी रिसिव्हर, मग अँप, बंद करताना आधी अँप. उलटं केलं की ‘धप्प’ असा आवाज येतो आणि वूफर पुढे उडी मारतो. आणि रिसिव्हर अँपच्या डोक्यावर ठेवू नका, वरच्या जाळीतून गरम हवा बाहेर पडायला हात-दीड हात जागा हवी, आमच्याकडे तिथे मांजर झोपायला लागलं होतं तेही हाकललं.