अमेरिकेतलं पब्लिक विद्यापीठ निवडताना पैशाची वाट आधी बघा

‘पब्लिक युनिव्हर्सिटी’ म्हटलं की आपल्या घरी पहिला अर्थ निघतो तो सरकारी, म्हणजे स्वस्त. हा समज अर्ज भरण्याआधीच दूर झालेला बरा. अमेरिकेत ही विद्यापीठं त्या त्या राज्याची असतात आणि फीतली सवलत त्या राज्यातल्या रहिवाशांसाठी असते. मी इंडियाना राज्यातल्या पर्ड्यू विद्यापीठात मेकॅनिकलचं एमएस केलं. तिथे राज्यातल्या पदवीच्या मुलाला वर्षाला सुमारे १० हजार डॉलर पडतात, बाहेरच्याला जवळपास २९ हजार. शिवाय परदेशी विद्यार्थ्यांचं वेगळं शुल्क. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर कितीही वर्षं राहिलं, तरी सहसा आपण ‘राज्यातले’ होत नाही. टेक्ससमध्ये मात्र एक चांगली सोय आहे. तिथल्या सरकारी विद्यापीठाची किमान १,००० डॉलरची स्पर्धात्मक शिष्यवृत्ती मिळाली, तर स्थानिक दराने फी लागू शकते. यादीत टेक्ससचं विद्यापीठ असेल, तर ही चौकशी विसरू नका.

मग पब्लिक विद्यापीठात जायचंच कशाला? माझं उत्तर आहे, विभागातल्या कामासाठी. पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या हजारो मुलांच्या लॅब घ्यायच्या, गृहपाठ तपासायचे, म्हणजे टीए (टीचिंग असिस्टंट) लागतात. प्राध्यापकांचे संशोधन प्रकल्प चालवायला आरए (रिसर्च असिस्टंट) लागतात. दोन्ही कामं पुढचं शिक्षण घेणारे विद्यार्थीच करतात. आठवड्याला २० तासांचं हे काम मिळालं, तर बहुतेक ठिकाणी ट्यूशन माफ होते आणि महिन्याला स्टायपेंड मिळतो. किरकोळ फी तेवढी आपल्याला भरावी लागते. कर्ज घेऊन आलेल्या मुलाचं सगळं गणितच त्याने बदलतं.

पण हे काम कोणाला मिळतं, यात मोठा फरक आहे. पीएचडीवाल्यांना बहुधा प्रवेशाबरोबरच मिळतं. थिसिस घेणाऱ्या एमएसवाल्यांना काही विभागांत मिळतं, काहींत अजिबात नाही. फक्त कोर्सेसवर चालणाऱ्या ‘प्रोफेशनल मास्टर्स’मध्ये तर पूर्ण फी भरण्याच्या तयारीनेच जावं. एकाच विद्यापीठातले दोन विभाग याबाबतीत पूर्णपणे वेगळे वागतात, म्हणून मला रँकिंगच्या याद्यांचा फारसा भरवसा वाटत नाही.

तिथे शिकत असलेल्या मुलांना जरूर विचारा, पण प्रश्न नेमका हवा. “फंडिंग मिळतं का?” याला “प्रयत्न केला तर मिळतं” एवढंच उत्तर येतं. “तुमच्या बॅचमधल्या किती एमएसवाल्यांना पहिल्या सत्रात टीए मिळाली?” असं विचारा. आरएचा पैसा मुख्यतः नॅशनल सायन्स फाउंडेशनसारख्या केंद्रीय संस्थांच्या अनुदानातून येतो. २०२५मध्ये अशी बरीच अनुदानं रद्द झाली आणि अनेक विभागांनी पीएचडीचे प्रवेशही कमी केले. त्यामुळे तीन वर्षांपूर्वीच्या सीनियरची माहिती आज लागू होईलच असं नाही. ज्या प्राध्यापकाकडे काम करायचं आहे, त्याचा प्रकल्प चालू आहे का, हे त्यालाच ईमेलने विचारा.

टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेतला एकूण स्कोअर उत्तम असला, तरी टीएसाठी बोलण्याच्या भागातले गुण वेगळे बघतात. कमी पडले तर तिथे गेल्यावर तोंडी परीक्षा द्यावी लागते आणि ती होईपर्यंत वर्गावर पाठवत नाहीत. आपल्याकडची हुशार मुलं नेमकी इथे अडकतात. त्या भागाची तयारी मनापासून करा.

आता गावाविषयी. १८६२च्या मॉरिल कायद्याने राज्यांना जमिनी मिळाल्या आणि त्यांच्या विक्रीतून शेती व यंत्रविद्येची कॉलेजं उभी राहिली. पर्ड्यू, इलिनॉय, आयोवा स्टेट ही त्यातलीच. आपल्या वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे अशाच एका कॉलेजात, वॉशिंग्टन राज्यात, शेती शिकले आणि पुढे मेक्सिकोत मक्यावर त्यांनी मोठं काम केलं. यातली बरीच विद्यापीठं आजही लहान गावांत आहेत, चहूबाजूंना मका आणि सोयाबीन. हिवाळा कडक आणि लांब. मुंबई-पुण्याच्या मुलांना सुरुवातीला करमत नाही, हे खरं. पण घरभाडं मोठ्या शहरापेक्षा पुष्कळ कमी आणि इलिनॉय विद्यापीठाच्या अर्बाना-शॅम्पेनसारख्या ठिकाणी विद्यार्थ्याच्या ओळखपत्रावर बस चालते. नोकरीसाठी शहरातच असायला हवं, असंही नाही. पर्ड्यूत ‘इंडस्ट्रियल राउंडटेबल’ नावाचा जॉब फेअर विद्यार्थीच भरवतात आणि कंपन्या तिथे येऊन मुलाखती घेतात.

नोकरीचा विषय निघालाच आहे, तर आय-२० वरचा, म्हणजे व्हिसासाठी विद्यापीठ देतं त्या कागदावरचा, सीआयपी कोड (अभ्यासक्रमाच्या विषयाचा सरकारी क्रमांक) आधी समजून घ्या. शिक्षणानंतर ओपीटीवर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच नोकरी करण्याच्या परवानगीवर, १२ महिने काम करता येतं आणि स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) यादीतल्या पदवीला आणखी २४. साधं अर्थशास्त्र, ४५.०६०१, त्या यादीत नाही, इकॉनॉमेट्रिक्सचं ४५.०६०३ आहे. दोन्हीकडचा अभ्यास जवळपास सारखा असू शकतो. प्रवेश स्वीकारण्यापूर्वी विभागाला कोड लेखी विचारा.

टीए-आरएची ऑफर हातात आली आणि दुसरीकडचं उत्तर यायचं असलं, तर घाबरून लगेच होकार कळवू नका. अमेरिकेतल्या बहुतेक मोठ्या विद्यापीठांनी १५ एप्रिलपर्यंत मुदत देण्याचं एकमेकांत ठरवलं आहे. कोणी त्याआधी घाई करत असेल, तर या ठरावाचा नम्रपणे उल्लेख करून वेळ मागा. हा ठराव आर्थिक मदतीच्या ऑफरपुरताच आहे. नुसत्या प्रवेशाची आणि डिपॉझिटची तारीख प्रत्येक विभाग आपापली ठरवतो, ती पत्रात बघून घ्या.