बेकन-ब्रोकोलीचा क्रीमी पास्ता: इथे तर्री आली तर पदार्थ फसला

खानदेशात शेवभाजीवर तर्री आली की हात योग्य पडला असं समजतात. रस्सा खळखळून उकळायचा, तेल वर येऊ द्यायचं, ही सवय हातात इतकी मुरलेली असते की क्रीमच्या सॉसलाही आपण तसंच उकळतो आणि तिथेच तो फाटतो. या पास्त्यात चरबी वर तरंगायला नको, ती पाण्यात मिसळून राहायला हवी. त्यासाठी मंद आच आणि पास्ता शिजवलेलं पाणी या दोन गोष्टी सांभाळल्या की बाकी काम पंचवीस मिनिटांचं.

तिघांसाठी साहित्य: पेने किंवा फुसिली पास्ता २५० ग्रॅम, बेकन १२० ग्रॅम, ब्रोकोलीचा एक मध्यम गड्डा (साधारण ३०० ग्रॅम), फ्रेश क्रीम २०० मिली, किसलेलं प्रोसेस्ड चीज ४० ग्रॅम, लसणाच्या ६ पाकळ्या, ताजी जाडसर कुटलेली मिरी १ छोटा चमचा, मीठ. तिखटाशिवाय जेवण पुढे सरकत नसेल तर दोन हिरव्या मिरच्या उभ्या चिरून घ्या. काळा मसाला मात्र घालू नका, त्याच्यापुढे बेकनचा धुरकट वास टिकत नाही.

पास्ता घेताना पाकिटावर ‘ड्युरम गव्हाचा रवा’ लिहिलंय का ते बघा. आपला बन्सी रवा ज्या जातीच्या गव्हाचा, तीच ही जात. हा पास्ता शिजूनही आतून किंचित घट्ट राहतो. मैद्याचा पास्ता दोन मिनिटं जास्त झाला तरी लगदा होतो.

बेकन म्हणजे मीठ लावून मुरवलेलं, बहुतेकदा धुरी दिलेलं डुकराचं मांस. आपल्याकडे ते बहुधा गोठवलेलंच मिळतं, आणि जळगाव-धुळ्यापेक्षा लहान गावात सहज मिळेलच असं नाही. नाशिकहून आणायचं असेल तर बर्फाच्या पिशव्या घालून थर्माकोलच्या डब्यात आणा. घरी आल्यावर, ते अजून घट्ट गोठलेलं असेल तरच पुन्हा फ्रीझरमध्ये ठेवा. आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवलं की सकाळपर्यंत सुटतं. ओट्यावर ठेवून वितळवू नका. मे महिन्यात इथला पारा ४५ अंशांकडे जातो, तेव्हा मांस बाहेरून तापतं आणि आतून बर्फच राहतं. पूर्ण सुटलेलं बेकन परत गोठवायचं नाही.

घरात डुक्कर चालत नसेल तर आधी हे लक्षात घ्या की बेकन पदार्थाला तीन गोष्टी देतं: खारटपणा, चरबी आणि धूर. बदली वस्तूकडून तिन्ही मिळायला हवं. स्मोक्ड चिकन वापरलंत तर धूर आणि मीठ मिळतं, चरबी मिळत नाही, म्हणून दीड मोठा चमचा लोणी वाढवा. शाकाहारी करायचं तर २०० ग्रॅम बटन मशरूम दोन मोठे चमचे लोण्यात मोठ्या आचेवर पाणी आटून कडा तपकिरी होईपर्यंत परता. मग मध्ये वाटीत पेटता कोळसा ठेवून त्यावर तुपाचे दोन थेंब सोडा आणि दोन मिनिटं झाकण घालून धुंगार द्या. पाचेक मिनिटं ठेवलंत तर सॉस कडवट लागेल.

ब्रोकोली थंडीतलं पीक. गड्डा घट्ट आणि गर्द हिरवा हवा. कळ्या पिवळ्या पडायला लागल्या असतील तर तो जुना झालाय. तुरे सुटे करून मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं ठेवा, आत अळ्या असल्या तर बाहेर येतात. देठ टाकू नका. वरची जाड साल काढली की आतला गाभा तुऱ्यांपेक्षा गोड असतो, त्याचे पातळ काप करा.

भगोन्यात अडीच लिटर पाणी झाकण ठेवून उकळा. उकळी आली की सपाट एक मोठा चमचा मीठ घाला. बेकन आणि चीज दोन्ही खारट आहेत, त्यामुळे एवढं पुरे. पाण्यात तेल घालायचं नाही, त्याने पास्त्यावर थर बसून सॉस घसरतो. पास्ता टाकून पहिलं मिनिटभर हलवा. पाकिटावर ११ मिनिटं लिहिली असतील तर ९ मिनिटांनी उतरवायचं, उरलेलं शिजणं सॉसमध्ये होतं. उतरवण्याच्या तीन मिनिटं आधी ब्रोकोली त्याच पाण्यात टाका. झाकण ठेवू नका, ठेवलंत तर हिरवा रंग मळकट होतो. जास्त शिजली तर तिला शिळ्या कोबीसारखा वास येतो. गाळण्यापूर्वी मोठी वाटीभर, म्हणजे २०० मिली, पाणी आठवणीने बाजूला काढा. हे पांढुरकं पाणी मोरीत गेलं की सॉस जुळवायचं साधनच गेलं, कारण त्यातला स्टार्च चरबी आणि पाणी एकत्र धरून ठेवतो. पास्ता थंड पाण्याने धुवूही नका.

पास्ता शिजत असतानाच दुसऱ्या शेगडीवर बेकनचं काम उरकतं. बोटभर रुंद तुकडे थंड जाड कढईत घाला आणि मगच गॅस लावा, मंद. तापल्या कढईत टाकलं तर बाहेरून करपतं आणि चरबी आतच अडकते. आपल्याकडच्या पुष्कळ पाकिटांतलं बेकन आधी पाणी सोडतं, पांढरा फेस येतो. घाबरू नका, पाणी आटू द्या, त्यानंतर चरबी सुटून तुकडे सोनेरी होतात. सात-आठ मिनिटं लागतात. तुकडे काढून घ्या, कढईत दीड मोठा चमचा चरबी ठेवून बाकीची वाटीत काढा. कढईतल्या चरबीत लसणाचे काप आणि मिरच्या घाला, तीस-चाळीस सेकंद पुरे. लसूण तपकिरी झाला तर कडूपणा सगळ्या सॉसमध्ये उतरतो. तसं झालं तर फेकून वाटीतल्या चरबीत नव्याने परता.

आता गॅस बंद करा. बाजारातल्या फ्रेश क्रीममध्ये साधारण २५ टक्के स्निग्धांश असतो, आणि एवढ्या कमी चरबीचं क्रीम उकळीला टिकत नाही. आधी शंभर मिली पास्त्याचं गरम पाणी कढईत घाला, मग क्रीम घालून घोटा. चीज दोन-तीन वेळा थोडं थोडं घाला. सॉस एकजीव झाला की पास्ता आणि ब्रोकोली टाका, गॅस परत एकदम बारीक लावा आणि मिनिटभर खालीवर करत राहा. बुडबुडे दिसले की उतरवा. कढईत सॉस हवा त्यापेक्षा थोडा पातळच दिसायला हवा, ताटात येईपर्यंत तो घट्ट होतो. बेकन आणि मिरी शेवटी. मीठ चाखूनच, बहुतेक वेळा लागत नाही. लिंबाचे तीन-चार थेंब चव उघडतात, पण गॅस बंद झाल्यावर.

क्रीमऐवजी साय वापरता येते, पण त्याच दिवसाची. तुपासाठी आठवडाभर साठवलेली साय आंबूस झालेली असते आणि आंबट साय गरम होताच फुटते. पाऊण वाटी ताजी साय पाव वाटी दुधात हाताने फेटून गाळून घ्या. मिक्सर फिरवलात तर म्हशीच्या सायीचं लोणी निघायला वेळ लागत नाही.

सॉस फाटून तेलाचे थेंब दिसायला लागले तर लगेच उतरवा, दोन मोठे चमचे गरम पास्त्याचं पाणी आणि थोडं चीज घालून जोरात घोटा. लवकर पकडलं तर बहुतेक वेळा परत जुळून येतो. दाण्यादाण्याचा झाला असेल तर मात्र तो सुधारत नाही.

उरलेला पास्ता उन्हाळ्यात तासाभराच्या आत फ्रीजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी संपवा. रात्रभरात तो सगळा सॉस पिऊन घट्ट होतो, म्हणून गरम करताना पाव वाटी दूध घालून मंद आचेवर, सतत हलवत, पूर्ण गरम करा.