पोपडे निघालेली भिंत रंगवताय? या चुका टाळा

जुन्या घराच्या भिंतीला पोपडे धरले की आपण लगेच शेडकार्ड उघडतो. ते राहू द्या. आधी एक पोपडा अलगद काढा आणि त्याची मागची बाजू बघा. भिंतीचं दुखणं तिथे कळतं.

मागे पांढरी पूड असेल तर खाली जुना चुना किंवा डिस्टेंपर आहे. त्यावर दिलेलं इमल्शन (पाण्यात मिसळून लावायचा आजचा प्लास्टिक रंग) भिंतीला धरतच नाही, पुडीला धरतं, आणि पुडीसकट सुटतं. नुसत्या प्रायमरने हे भागत नाही. तळहातावर पूड उमटेनाशी होईपर्यंत खरवडा, ओल्या स्पंजने पुसा. काम कंटाळवाणं आहे, पण त्याला पर्याय नाही.

पोपड्यासोबत वाळू येत असेल तर गिलावाच कमजोर झालाय. ठोकून बघा, पोकळ वाजणारा भाग पुट्टीने झाकू नका, काढून टाका. सिमेंटचा नवा गिलावा साधारण 28 दिवस तरी मुरू द्या.

खालचा थर चकचकीत निघाला तर जुन्या ऑइल पेंटवर न घासताच रंग दिलेला असतो. इथे जपा! जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असू शकतं, आणि त्याची धूळ लहान मुलांना आणि गरोदर बाईला फार घातक. शंका असेल तर आधी तपासून घ्या. कोरडं घासू नका, जाळून तर मुळीच काढू नका. पाणी मारत घासा. तोंडाला रुमाल बांधून भागत नाही, बारीक धूळ अडवणारा मास्क हवा.

सगळ्यात महागात पडते ती ओल. हातभर प्लास्टिकच्या चारही कडा भिंतीला चिकटवून 24 तास ठेवा. आतल्या बाजूला थेंब जमले तर पाणी भिंतीतूनच येतंय. मग आधी गळका पाइप, छताची भेग किंवा जोत्याच्या वर चढलेली माती बघा. आतून वॉटरप्रूफ रंग थापला तर ओल दुसरीकडून फुटते. लोणा, म्हणजे ओलीमुळे भिंतीवर फुटलेले पांढरे क्षार, लागला असेल तर कोरड्या ब्रशने झाडा. पाण्याने धुतलात तर क्षार विरघळून पुन्हा भिंतीत मुरतात.

एवढं करूनही सगळी भिंत एकदम रंगवू नका. कोपऱ्यात थोडी जागा रंगवून आठवडाभर थांबा. मग ब्लेडने फुली मारा, चिकटपट्टी दाबून लावा आणि झटकन ओढा. पट्टीसोबत रंग आला तर परत खरवडायला घ्या.