अंतराळताफ्यातील अधिकाऱ्याने नेमणूक कशी स्वीकारावी आणि कशी नाकारावी

विज्ञानकथा लिहिणाऱ्याला, तसेच मित्रमंडळींच्या कथाखेळात ताफ्यातील अधिकाऱ्याचे पात्र रंगवणाऱ्याला, एक प्रसंग हमखास हाताळावा लागतो. मुख्यालयाकडून नव्या जहाजाचा प्रस्ताव येतो आणि अधिकाऱ्याला होकार किंवा नकार कळवायचा असतो. बहुतेक ठिकाणी हा प्रसंग दोन ओळींत उरकला जातो. 'मला हे जहाज सोडवत नाही' एवढे म्हणून पात्र मोकळे होते आणि त्या नकाराची झळ कोणालाच लागत नाही. वास्तविक कोणत्याही शिस्तबद्ध ताफ्यात एक अधिकारी आपल्या पदावरून हलला नाही, तर त्याच्या खालची सगळी रांग जागच्या जागी थांबते, आणि नकाराचे नाट्य त्या रांगेत असते. हे कसे लिहावे हे दाखवण्यासाठी येथे 'स्टार ट्रेक' या अमेरिकी विज्ञानकथा मालिकांमधील स्टारफ्लीट हा अंतराळताफा घेतला आहे, कारण नेमणुकीचे जवळजवळ सगळे प्रकार त्या मालिकांमध्ये कधी ना कधी येऊन गेले आहेत.

पहिले काम नियम ठरवण्याचे आहे. आपल्या ताफ्यात प्रस्ताव कोण देतो, तो नाकारता येतो का, आणि कोणत्या पदापर्यंत नाकारता येतो, हे लेखकाने पहिला संवाद लिहिण्यापूर्वी स्वतःपुरते कागदावर लिहून ठेवावे. स्टारफ्लीटमध्ये ढोबळमानाने असे दिसते की जहाजाचे नेतृत्व देऊ केले जाते आणि ते नाकारण्याची मुभा अधिकाऱ्याला असते. कनिष्ठांना मात्र बहुधा आदेश मिळतो आणि त्यांनी रुजू व्हायचे असते. १९९१ मध्ये प्रथम दिसलेली रो लारेन ही कनिष्ठ अधिकारी याचे टोकाचे उदाहरण आहे. ती शिक्षा भोगत असताना एका ॲडमिरलने तिला बाहेर काढून एंटरप्राइझ या जहाजावर पाठवले. तिला तेथे जायचे नव्हते, तेथील कॅप्टन पिकार्ड यांनाही ती नको होती, तरीही नेमणूक झाली. अशी नेमणूक लिहिताना कोणाचे तरी अंतस्थ हेतू असावे लागतात, आणि त्या कथेत ते होतेच.

नियमांबरोबर किंमतही ठरवावी. पालाच्या जहाजांच्या काळात ब्रिटिश नौदलातील जहाज नसलेला अधिकारी अर्ध्या पगारावर किनाऱ्यावर बसून राहत असे, त्यामुळे मिळालेले जहाज नाकारणे म्हणजे घरखर्चाशी खेळणे होते. स्टारफ्लीटच्या जगात पैशाला महत्त्वच उरलेले नाही. १९९६ च्या 'स्टार ट्रेक' चित्रपटात पिकार्ड स्वतः सांगतात की संपत्ती मिळवणे ही त्यांच्या काळात जगण्याची प्रेरणा राहिलेली नाही. मराठी लेखकाला ही अट अवघड जाते, हे मान्य करावे लागेल. बदली म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे घरभाडे भत्ता, मुलांची शाळा, गावापासूनचे अंतर आणि मंत्रालयातील खेपा उभ्या राहतात. यातील पैशाचा भाग बाजूला काढला की उरतात ती महत्त्वाकांक्षा, कुटुंब, सहकाऱ्यांची सोबत आणि भीती, आणि पात्राचा निर्णय या चारांपैकी निदान दोहोंच्या ओढाताणीतून यावा. एकाच कारणाने घेतलेला निर्णय वाचकाला पटला तरी लक्षात राहत नाही.

स्वीकाराचे प्रसंग तुलनेने सोपे असतात, म्हणून त्यावर फार वेळ घालवण्याची गरज नाही. १९९३ मध्ये सुरू झालेल्या 'डीप स्पेस नाइन' या मालिकेतील डॉक्टर बशीर हा आपल्या तुकडीत दुसरा आलेला तरुण होता आणि त्याला हवी ती जागा मिळू शकत होती. त्याने सीमेवरचे मोडकळीस आलेले स्थानक मागून घेतले, कारण त्याला दूरवरच्या प्रदेशात वैद्यकी करण्याचे साहस हवे होते. हे कारण त्याने ज्या मेजर कीरापुढे उत्साहाने सांगितले, तिच्यासाठी तो 'दूरवरचा प्रदेश' म्हणजे स्वतःचे घर होते, आणि तिला त्याचा राग आला. होकार लिहिताना हे तंत्र उचलण्यासारखे आहे: अधिकाऱ्याचे कारण प्रामाणिक असावे, परंतु ते ऐकणाऱ्याला खुपावे.

त्याच स्थानकावर आलेल्या कमांडर सिस्कोचा स्वीकार नाखुशीचा होता. पत्नी गेलेली, मुलाला एकट्याने वाढवायचे, आणि ही जागा मुलासाठी योग्य नाही असे त्याचे मत. त्याने पिकार्ड यांना स्पष्ट सांगितले की पृथ्वीवर परत जाऊन नागरी काम मिळते का, याची तो चौकशी करत आहे. पिकार्ड यांनी समजूत घातली नाही. त्याच्या जागी दुसरा माणूस शोधावा लागेल असे सांगितले आणि तोपर्यंत काम नीट करण्याची अपेक्षा व्यक्त केली. ज्या हल्ल्यात सिस्कोची पत्नी गेली, त्या हल्ल्याच्या वेळी शत्रूच्या ताब्यात असलेले पिकार्ड हेच शत्रूचा आवाज बनले होते, त्यामुळे हे औपचारिक संभाषण ऐकताना अंगावर काटा येतो. नेमणुकीच्या चर्चेत भावना जितकी मोठी, तितकी भाषा कार्यालयीन ठेवावी.

आता नकाराकडे वळू. येथे विल्यम रायकर या एंटरप्राइझच्या प्रथम अधिकाऱ्याचा अभ्यास केल्यावाचून गत्यंतर नाही. एंटरप्राइझवर येण्यासाठीच त्याने ड्रेक या जहाजाचे देऊ केलेले नेतृत्व नाकारले होते. १९८९ च्या एका भागात त्याला एरीझ हे जहाज देऊ केले गेले. पिकार्ड यांनी त्याला दोन्ही बाजू सांगितल्या: येथे मान आहे, झगमगाट आहे, तरी स्थान दुसरेच आहे; तेथे जहाज बिनमहत्त्वाचे आणि कोपऱ्यातले आहे, परंतु ते तुझे असेल. रायकरने अखेर नकार दिला आणि कारण विचारल्यावर आपल्या हिताचा विचार करता सध्या हीच जागा योग्य आहे, एवढेच सांगितले. चांगला वरिष्ठ कसा लिहावा याचा हा नमुना आहे. तो सल्ला देत नाही, तोलून दाखवतो, आणि आपला उत्तम सहकारी जाऊ नये ही इच्छा त्या तोलण्यात मिसळू देत नाही.

१९९० मध्ये मेलबर्न या जहाजाचा तिसरा प्रस्ताव आला, तेव्हा मात्र परिस्थिती बदललेली होती, आणि लेखकाने सर्वाधिक लक्ष द्यावे ते याच प्रस्तावाकडे. आता मुख्यालय कंटाळले होते. ॲडमिरल हॅन्सन यांनी पिकार्ड यांच्याकडे विचारणा केली की हा माणूस अजून येथे काय करतो आहे. पिकार्ड यांनी या वेळी तटस्थपणा सोडून रायकरला सांगितले की तू तयार आहेस आणि तुझ्यावाचून एंटरप्राइझचे अडणार नाही. त्याच वेळी शेल्बी ही तडफदार अधिकारी जहाजावर आली होती. तिला रायकरचीच जागा हवी होती आणि ती त्याने अडवून ठेवली आहे, हे तिने तोंडावर ऐकवले. रायकर मग जहाजाच्या समुपदेशक ट्रॉय यांच्यापुढे स्वतःलाच प्रश्न करतो की पूर्वीची भूक गेली कुठे, आणि ट्रॉय यांचे उत्तर असे की कदाचित तू येथे सुखी आहेस. माझ्या मते संपूर्ण मालिकेत अधिकाऱ्याच्या मनाचा इतका प्रामाणिक निदानप्रसंग दुसरा नाही, कारण सुखी असणे हे कारण सांगायला लाजिरवाणे वाटते आणि म्हणूनच ते खरे वाटते.

यातून कृतीचा क्रम असा निघतो. पहिल्या प्रस्तावाला नकार द्यायचा असेल तर पात्राला एक ठोस लाभ द्यावा. दुसऱ्याला नकार देताना वरिष्ठांच्या नजरेत शंका दिसू द्यावी. तिसऱ्याच्या वेळी त्या जागेची वाट पाहणारी व्यक्ती नावानिशी समोर उभी करावी, आणि ती खलप्रवृत्तीची नसावी. शेल्बी महत्त्वाकांक्षी आहे, फटकळ आहे, पण कामात कमी नाही. रायकरवर काही काळ नेतृत्वाची वेळ आली तेव्हा तीच त्याची प्रथम अधिकारी झाली. चौथी गोष्ट नशिबाची. मेलबर्न हे जहाज वुल्फ ३५९ या ताऱ्याजवळील लढाईत नष्ट झाले. कथेने त्यावर भाष्य केले नाही, अवशेषांमध्ये नाव तेवढे ओळखू आले. नकारामुळे जीव वाचला असे पात्राच्या तोंडी घालण्याचा मोह येथे आवरावा. तसे घातले की नकार शहाणपणाचा ठरतो आणि त्यातील संदिग्धता संपते.

नकाराचे पत्र कथेत प्रत्यक्ष दाखवायचे असेल, तर ते लहान असावे. एक मसुदा असा होऊ शकेल: 'देऊ केलेल्या नेतृत्वपदाबद्दल मी मुख्यालयाचा आभारी आहे. तथापि सध्याच्या जहाजावर माझ्याकडे असलेली जबाबदारी पाहता ते पद स्वीकारण्यास मी असमर्थ आहे, असे नम्रपणे कळवू इच्छितो. या निर्णयाचा माझ्या पुढील पदोन्नतीवर होणारा परिणाम मला ज्ञात आहे. सदर पदासाठी अन्य अधिकाऱ्याचा विचार विनाविलंब व्हावा, ही विनंती.' या पत्राचे वजन शेवटच्या दोन वाक्यांत आहे. देऊ केलेल्या जहाजाचे दोष त्यात कधीही लिहू नयेत, कारण त्या जहाजावर कोणी तरी सेवेत असते आणि ताफ्यात पत्रे फिरतात. तसेच पत्र जाण्यापूर्वी अधिकाऱ्याने आपल्या कॅप्टनला तोंडी सांगितलेले असावे. कॅप्टनला ही बातमी मुख्यालयाकडून कळणे हा स्वतंत्र कथानकाचा विषय आहे.

वरून येणारा नकारही लिहिता आला पाहिजे. १९९१ मध्ये डेटा या यंत्रमानव अधिकाऱ्याने पिकार्ड यांना विचारले की इतर वरिष्ठ अधिकाऱ्यांना जहाजे मिळाली, मग आपल्याला का वगळले. तेव्हा त्याला सदरलंडचे तात्पुरते नेतृत्व मिळाले. तेथे पोहोचताच प्रथम अधिकारी हॉबसन याने यंत्राच्या हाताखाली काम करणे जमणार नाही म्हणून बदली मागितली. डेटाने ती विनंती फेटाळली, कारणमीमांसा केली नाही आणि आवाजही चढवला नाही. न मागता डावलला गेलेला माणूस मागतो आणि मिळाल्यावर पहिलाच निर्णय दुसऱ्याची मागणी नाकारण्याचा घेतो, ही रचना अत्यंत काटेकोर आहे.

कुटुंबाचा मुद्दा राहिला. महाराष्ट्रातील शिक्षकांच्या बदल्यांमध्ये पती-पत्नी एकत्रीकरण हा जिव्हाळ्याचा विषय आहे, त्यामुळे १९९८ मधील वोर्फ आणि जॅडझिया या अधिकारी पती-पत्नीची कथा मराठी वाचकाला समजावून सांगावी लागत नाही. दोघे एकाच स्थानकावर होते आणि एकाच मोहिमेवर पाठवले गेले. जखमी पत्नीला वाचवण्यासाठी वोर्फने मोहीम सोडली आणि ज्याला आणायचे होते तो माणूस मारला गेला. सिस्कोने यापुढे दोघांना एकत्र मोहीम मिळणार नाही असे बजावले आणि वोर्फला स्वतःचे जहाज बहुधा कधीच देऊ केले जाणार नाही हेही सांगितले. येथे नकार शब्दांत दिलेला नसून कृतीत दिलेला आहे, आणि तो कायमचा नोंदला गेला.

शेवटी, पुष्कळ वर्षे नकार देणाऱ्या पात्राने होकार द्यावा असे वाटत असेल, तर आधी त्याचे आयुष्य बदलावे. रायकरने टायटनचे नेतृत्व घेतले ते २००२ च्या चित्रपटात, ट्रॉय यांच्याशी विवाह झाल्यावर. ज्या सोबतीसाठी तो एंटरप्राइझवर थांबला होता, त्यातील मोठा भाग आता त्याच्याबरोबर निघणार होता. त्याच्या जाण्याने प्रथम अधिकाऱ्याची खुर्ची मोकळी झाली आणि विवाहसमारंभातच पिकार्ड यांनी ती डेटाला मिळणार असल्याचे जाहीर केले. होकाराचा प्रसंग लिहिताना जाणाऱ्याच्या निरोपाइतकीच जागा या घोषणेला द्यावी.