गावातील जुन्या वाड्याचा आणि त्याच्या इनामाचा इतिहास कसा शोधावा

देशावरील एखाद्या गावातल्या जुन्या वाड्याचा इतिहास लिहावयाचा असेल, तर प्रारंभ जमिनीपासून करावा. असे वाडे बहुधा इनामाच्या (सरकारने बक्षीस दिलेल्या जमिनीच्या), वतनाच्या (वंशपरंपरागत हुद्द्याच्या हक्काच्या) किंवा सरंजामाच्या (लष्करी चाकरीबद्दल नेमून दिलेल्या महसुलाच्या) उत्पन्नावर उभे राहिले. बांधकामाचा हिशेब घरात क्वचितच सापडतो. जमिनीच्या हक्काची नोंद मात्र प्रत्येक राजवटीने आपल्या वसुलासाठी ठेवलेली असते.

चालू सातबाऱ्यावरील फेरफारांचे, म्हणजे हक्कबदलाच्या नोंदींचे, क्रमांक टिपून घ्यावेत आणि एकेक फेरफार काढून मागे जावे. वाडा स्वतः गावठाणात असल्याने त्याला सातबारा नसतो; तेथे सिटी सर्व्हे झाला असल्यास मिळकत पत्रिका पाहावी. १९५० नंतरच्या दशकात वतने आणि जात (व्यक्तिगत) इनामे कायद्याने खालसा, म्हणजे रद्द, झाली, त्या वेळच्या फेरफारांत जमीन पूर्वी कोणत्या प्रकारची होती हे बहुधा कळते.

त्यामागचा टप्पा सर्वांत समृद्ध आहे. इंग्रज सरकारने १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार दिले आणि इनामदारांना आपला हक्क सिद्ध करावयास लावले. कुटुंबांनी सनदांच्या नकला, वंशावळी आणि कैफियती (लेखी निवेदने) सादर केल्या, कमिशनने त्या पेशवे दप्तरातील, म्हणजे पेशव्यांच्या सरकारी कागदपत्रांतील, हिशेबांशी ताडून पाहिल्या. इनामदारांना त्या चौकशीचा जाच झाला, यात शंका नाही. परंतु आज आपल्याला जे हवे असते, म्हणजे इनाम कोणी, कोणाला, कशाबद्दल दिले, ते याच कागदांत मिळते. त्यासाठी पुण्याच्या पुराभिलेखागारात गाव, तालुका आणि मूळ इनामदाराचे नाव घेऊन जावे. इनामांविषयीच्या १८६३ च्या कायद्यानंतर दिलेली सनद घरात जपलेली असेल, तर तीही सोबत न्यावी.

१८१८ पूर्वीचे, म्हणजे पेशवाई संपण्याआधीचे, कागद मोडी लिपीत असतात. लिपी सरावाने येते. खरी अडचण कालगणनेची आहे. समजा, पत्रावर ‘सन इसन्ने तिसैन मया व अलफ’ असे आहे. हे अरबी अंक एककापासून वर मोजावेत: दोन, नव्वद, शंभर आणि हजार, म्हणजे शुहूर सन (मराठी दफ्तरांतील अरबी नावांची कालगणना) ११९२. हे वर्ष मृगाला बदलते, म्हणून इसवी साल काढण्यासाठी तारीख मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंतची असल्यास शुहूर सनात ५९९ आणि जानेवारीपासून पुढील मृगापर्यंतची असल्यास ६०० मिळवावेत. पत्राच्या शेवटी ‘छ १२ रबिलावल’ अशी मुसलमानी महिन्याची तिथी (‘छ’ म्हणजे चंद्र) असेल, तर तो महिना त्या वर्षी नोव्हेंबरात येतो, आणि साल १७९१ ठरते. ही खातरजमा न करता सरसकट एकच आकडा मिळवल्यास एका वर्षाची चूक राहते, आणि तेवढ्याने एखाद्याच्या हयातीत झालेले काम त्याच्या मुलाच्या नावावर जाते.

आता वाड्याकडे वळावे. दोन खांबांमधील अंतर म्हणजे खण, आणि जुन्या वाटणीपत्रांत घराची मोजणी याच मापाने असते: कोणत्या चौकाचा कोणता सोपा (चौकाभोवतालची ओसरी), किती खणांचा, कोणाकडे गेला. अशा वाटणीपत्रावरून कागदावर आराखडा काढून तो प्रत्यक्ष वाड्यात धरून फिरावे. जेथे आराखडा आणि भिंती जुळत नाहीत, तेथे नंतरची भर किंवा पडझड शोधावी. जोत्याच्या दगडांची उंची बदलणे किंवा दोन भिंती एकमेकींत न गुंफता नुसत्या टेकलेल्या असणे, या खुणा विश्वसनीय असतात.

घरातील रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, सोडताना घाई करू नये. वाईजवळच्या मेणवलीत नाना फडणवीसांच्या वाड्यातील दप्तर अभ्यासकांच्या हाती आले, म्हणून उत्तर पेशवाईविषयी कितीतरी नवे कळले. तुमच्या गावच्या दप्तरातही निदान त्या गावाचा इतिहास असू शकतो. कागद ज्या क्रमाने बांधलेले असतील त्याच क्रमाने त्यांना क्रमांक द्यावेत, पाठकोऱ्या वाटणाऱ्या बाजूचेही छायाचित्र घ्यावे, कारण पोहोचल्याची तारीख पुष्कळदा तेथेच असते, आणि मूळ कागद पुन्हा त्याच रुमालात बांधून ठेवावेत.