जुने लष्करी रिबन-बोर्ड कसे जमवावेत

सैनिकाच्या डाव्या खिशाच्या वर रंगीत पट्ट्यांची जी ओळ असते, त्या त्याच्या पदकांच्या रिबनी. रोजच्या गणवेशावर अख्खी पदकं लावत नाहीत, रिबनचे तुकडे लावतात. हे तुकडे क्रमाने एका फळ्यावर बसवून खाली नावं लिहिली की झाला रिबन-बोर्ड. लष्करी शिंपी गिऱ्हाइकाला नमुने दाखवायला असे बोर्ड ठेवत, रिबन विणणारे कारखाने विक्रेत्यांबरोबर पाठवत, पलटणींमध्ये नव्या जवानांना पदकं ओळखायला शिकवण्यासाठी ते भिंतीवर टांगलेले असत. निवृत्त सैनिकांच्या घरच्यांनीही पुठ्ठ्यावर मखमल ताणून आपापले बोर्ड केले.

पदकांचे संग्राहक पुष्कळ आहेत. बोर्डाकडे मात्र बऱ्याच जणांचं लक्ष जात नाही, आणि गेलंच तर रिबनी सोडवून सुट्या विकण्यासाठी. याचं मला मनापासून वाईट वाटतं. सुटी रिबन म्हणजे कापडाचा तुकडा. बोर्डावर तिच्या शेजारी कोण आहे, कोण नाही, नाव कसं लिहिलंय, पाठीमागे कोणता कागद चिकटवलाय, हे सगळं मिळून एक दस्तऐवज होतो. म्हणून या छंदातला माझा पहिला नियम असा की बोर्ड सोडवायचा नाही. पुढचं सगळं याच नियमाला धरून आहे.

पायरी १ : एक काळ, एक सैन्य निवडा

जगभरच्या रिबनींच्या मागे लागलात तर हाती काहीच धड लागत नाही. आपल्याकडे सुरुवातीला दोन विषय सोयीचे आहेत. एक, दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश आणि ब्रिटिश-भारतीय सैन्याच्या रिबनी. दोन, स्वतंत्र भारताच्या १९४७ ते १९७१ या काळातल्या. अमेरिकन बोर्ड परदेशी बाजारात भरपूर दिसतात, न्यूयॉर्कच्या एन. एस. मेयर यांच्यासारखे लष्करी चिन्हांचे उत्पादक तिथे नावाजलेले होते. परदेशात राहणाऱ्यांनी तिकडे वळायला हरकत नाही.

पहिला विषय मराठी माणसाला परका नाही. १९४४ च्या जुलैत इटलीतल्या टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात यशवंत घाडगे यांनी आणि १९४५ च्या एप्रिलमध्ये सेनियो नदीकाठी नामदेव जाधव यांनी व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक मिळवलं. घाडगे यांना ते मरणोत्तर मिळालं. दोघेही पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीचे. सातारा, कोल्हापूर, रायगड, रत्नागिरीतल्या कित्येक घरांतले आजोबा-पणजोबा आफ्रिका, इटली आणि ब्रह्मदेशात लढले. त्या मोहिमांच्या रिबनी याच बोर्डांवर असतात.

पायरी २ : रंग वाचायला शिका

बाजारात जाण्याआधी ही पायरी पक्की हवी, आणि खरी गोडी इथेच आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश स्टार पदकांच्या रिबनींचे रंग राजे सहावे जॉर्ज यांनी स्वतः आखले असं मानलं जातं. प्रत्येक रंगाला काही अर्थ दिलेला आहे.

१९३९-४५ स्टार : गडद निळा, लाल, फिकट निळा असे तीन सारखे पट्टे, म्हणजे आरमार, भूदल, हवाई दल. आफ्रिका स्टार : वाळवंटाचा फिकट पिवळसर रंग, मधोमध रुंद लाल पट्टा, एका बाजूला गडद निळी आणि दुसऱ्या बाजूला फिकट निळी रेघ. इटली स्टार : लाल, पांढरा, हिरवा, पांढरा, लाल, इटलीच्या ध्वजाचे रंग. बर्मा स्टार : मधे लाल, दोन्ही बाजूंना गडद निळा, आणि निळ्याच्या पोटात नारिंगी रेघ, ही नारिंगी म्हणजे सूर्य. आणि भारतात सेवा केलेल्या भारतीय सैनिकांसाठी इंडिया सर्व्हिस मेडल : गडद निळ्यावर फिकट निळ्या पट्ट्या. ऑर्डर ऑफ द इंडियन एम्पायर आणि ऑर्डर ऑफ द स्टार ऑफ इंडिया या दोन सन्मानांचे हे रंग आहेत.

रंगाइतकंच दिशेकडे लक्ष द्या. १९३९-४५ स्टारचा गडद निळा पट्टा पाहणाऱ्याच्या डाव्या हाताला यायला हवा. इटली स्टार दोन्हीकडून सारखा असल्याने तिथे प्रश्नच नाही. आफ्रिका स्टार मात्र उलटा लागू शकतो, त्याचीही गडद निळी रेघ डावीकडेच हवी. क्रमही ठरलेला आहे: आधी १९३९-४५ स्टार, मग अटलांटिक, एअर क्रू युरोप, आफ्रिका, पॅसिफिक, बर्मा, इटली, फ्रान्स-जर्मनी, त्यानंतर डिफेन्स मेडल आणि वॉर मेडल. लष्करी शिंप्याने केलेला बोर्ड हा क्रम सहसा चुकवत नाही. घरी केलेल्या बोर्डात तो चुकलेला असू शकतो. तो दोष समजू नका, घरच्या हातांची खूणच ती.

आफ्रिका स्टारच्या रिबनवर कधी ८ हा छोटासा रुपेरी आकडा असतो. तो उत्तर आफ्रिकेत लढलेल्या ब्रिटिश आठव्या सैन्याचा, २३ ऑक्टोबर १९४२ ते १२ मे १९४३ या काळातल्या सेवेसाठीचा. चौथी भारतीय डिव्हिजन याच आठव्या सैन्यात होती. हा आकडा दिसला की थांबून बघाच.

स्वतंत्र भारताचा संच आणखी देखणा आहे. परमवीर चक्राची रिबन निव्वळ जांभळी. महावीर चक्राची अर्धी पांढरी, अर्धी केशरी. वीर चक्राची अर्धी गडद निळी, अर्धी केशरी. अशोक चक्राची हिरवी, मधे एक केशरी रेघ. कीर्ती चक्राला अशा दोन रेघा, शौर्य चक्राला तीन. १९४७ च्या स्वातंत्र्य पदकाची रिबन तिरंगीच. परमवीर चक्राची रचना सावित्रीबाई खानोलकर यांची. जन्माने त्या युरोपीय, स्वित्झर्लंडच्या. लग्नानंतर खानोलकरांच्या घरच्या झाल्या.

पायरी ३ : शोध कुठे घ्यावा

मुंबईत चोर बाजारातली मटण स्ट्रीट, पुण्यात बुधवार-रविवारचा जुना बाजार. पण माझा जास्त भरवसा छावणीच्या गावांवर आहे: पुणे कॅम्प, देवळाली, अहिल्यानगर, बेळगाव. तिथल्या जुन्या लष्करी शिंप्यांच्या दुकानांत पोटमाळ्यावर नमुन्याचे फळे पडून असू शकतात. ‘पदकं आहेत का’ असं विचारलंत तर नाही म्हणतील. ‘रिबनीचा जुना नमुनाफळा आहे का’ असं विचारा. लंडनच्या लिलावांत बोर्ड बहुधा पदकांच्या मोठ्या लॉटमध्ये, म्हणजे एकत्र विकायला काढलेल्या गठ्ठ्यात, दडलेला असतो, तेव्हा लॉटचे सगळे फोटो मागवून घ्या.

पायरी ४ : बोर्डाचं वय काढा

साधी युक्ती आहे. बोर्डावरची सर्वांत अलीकडची रिबन शोधा. बोर्ड त्या सालाच्या आधीचा असू शकत नाही. इंडिया सर्व्हिस मेडल १९४६ चं, म्हणून ते असेल तर बोर्ड १९४६ किंवा त्यानंतरचा. राणी एलिझाबेथच्या राज्याभिषेकाचं पदक असेल तर १९५३ किंवा नंतर. अमेरिकन बोर्डावर नॅशनल डिफेन्स सर्व्हिस मेडल दिसलं तरी १९५३ किंवा नंतर. भारतीय बोर्डावर ‘पूर्वी स्टार’ किंवा ‘पश्चिमी स्टार’ दिसला तर १९७१ च्या युद्धानंतरचा.

उलट बाजूने मात्र सावकाश जा. एखादी रिबन नाही म्हणून बोर्ड तिच्या आधीचाच, असं म्हणता येत नाही. करणाऱ्याने ती मुद्दाम घेतली नसेल, किंवा त्याच्याकडे तो तुकडाच नसेल. बाकीच्या खुणा त्याच दिशेला बोट दाखवत असतील तरच अनुपस्थितीला वजन द्या.

नावांच्या पट्ट्या कधीकधी रिबनींपेक्षा जास्त सांगतात. १९४३ मध्ये जाहीर झालेल्या पदकाचं मूळ नाव १९३९-४३ स्टार होतं, युद्ध लांबलं तसं ते १९३९-४५ झालं. जुनं नाव लिहिलेला बोर्ड मिळाला तर तो युद्ध चालू असतानाचा असण्याची शक्यता दाट. आपल्याकडे १९५२ मध्ये अशोक चक्र वर्ग १, २, ३ असं सुरू झालं, आणि १९६७ मध्ये त्यांची नावं अशोक चक्र, कीर्ती चक्र, शौर्य चक्र अशी झाली. ‘अशोक चक्र वर्ग २’ असं लिहिलेला फळा त्या पंधरा वर्षांतला असावा, असं म्हणायला चांगला आधार आहे.

पायरी ५ : जुना आहे की जुना दिसावा म्हणून जुळवलाय

सुट्या रिबनी घेऊन, जुन्या फ्रेममध्ये बसवून ‘युद्धकाळातला बोर्ड’ म्हणून विकणं अवघड नाही. म्हणून पुढून कमी, मागून जास्त बघा. पाठीला एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेला आधुनिक फळा) असेल तर तो युद्धकाळातला नाही. ग्लू गनचा गोंद, चकचकीत स्टेपल, लेझर प्रिंटरची अक्षरं, यांतलं काहीही दिसलं की हात आखडता घ्या. गंजलेल्या टाचण्या आणि त्यांच्याभोवती कापडावर उतरलेला तांबूस डाग, टाइपरायटरची उमटलेली अक्षरं, खळीचा पिवळा पडलेला थर या चांगल्या खुणा.

मग रंग बघा. बोर्ड वर्षानुवर्षं एका भिंतीवर असेल तर सगळ्या रिबनी थोड्याफार सारख्या विटलेल्या असतात. एकच टवटवीत असेल तर ती मागाहून बसवलेली असू शकते. मखमलीवर रिबनच्या कडेबाहेर गडद पट्टी दिसली तर तिथे आधी वेगळ्या मापाचं काहीतरी होतं. मापपट्टी जवळ ठेवा: ब्रिटिश रिबन साधारण ३२ मिलिमीटर रुंद, अमेरिकन ३५.

अंधारात अतिनील टॉर्च मारून बघा. युद्धानंतर कापडात आणि साबणाच्या पावडरींत पांढरेपणा वाढवणारी रसायनं आली, ती या उजेडात निळसर-पांढरी चमकतात. जुना रेशमी किंवा सुती पांढरा पट्टा तसा चमकत नाही. पण चमकला म्हणून लगेच खोटा ठरवू नका. कुणा आजीने तो पावडरीत धुतलेला असू शकतो. धागा जाळून बघण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. एक धागा गेला तरी बोर्डाचं नुकसानच.

पायरी ६ : पैसे देण्याआधी

विकणाऱ्याला बोर्ड कुठून आला ते विचारा आणि उत्तर तिथल्या तिथे लिहून घ्या. बोर्डावर सैनिकाचं नाव असेल आणि घरच्यांपर्यंत पोहोचता येत असेल तर आधी त्यांना विचारा. कुटुंबाला हवा असेल तर मूळ किमतीला देऊन टाका, फोटो आपल्याकडे ठेवा.

कायद्याचंही भान हवं. शंभर वर्षांहून जुनी ऐतिहासिक वस्तू भारताबाहेर नेण्यावर १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने बंधन आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळातले बोर्ड आता त्या वयाचे झालेत. परदेशी असलेल्या मुलाला भेट म्हणून पाठवण्याआधी हे तपासा. अमेरिकेत मेडल ऑफ ऑनर या तिथल्या सर्वोच्च शौर्यपदकाची विक्री गुन्हा आहे आणि त्यात रिबनही येते. आणि संग्रहातल्या रिबनी स्वतःच्या छातीवर लावून सैनिक असल्याचा आव आणणं आपल्याकडेही गुन्हा आहे.

पायरी ७ : घरी आणल्यावर

आल्या दिवशी काहीही पुसू नका. पुढून, मागून, चारही कडांचे फोटो काढा, शेजारी मापपट्टी ठेवून. वहीत डावीकडून उजवीकडे प्रत्येक रिबनला क्रमांक द्या: नाव, रुंदी, दिशा, कुठे विटली, कुठे उसवली. ही नोंद झाली की तुमचा बोर्ड घरातल्या जुन्या फोटोंशी ताडून बघता येतो. आजोबांच्या कृष्णधवल फोटोतल्या पट्ट्या रंगाने नाही तरी रुंदीने आणि क्रमाने जुळतात. मात्र पहिल्या महायुद्धाच्या सुमाराच्या फिल्मवर लाल रंग काळपट आणि निळा फिकट उमटतो, हे लक्षात ठेवून जुळवणी करा.

जपणुकीत सर्वांत मोठा शत्रू उजेड. विटलेला रंग परत येत नाही. वस्तुसंग्रहालयं कापडासाठी ५० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं एकक) आसपासचा मंद उजेड ठेवतात. घरात याचा अर्थ खिडकीसमोरची भिंत नको, बोर्डावर दिवा नको. काच रिबनींना टेकू देऊ नका, मधे पट्टी घालून थोडं अंतर ठेवा, नाहीतर दमट हवेत रिबन काचेला चिकटते. मागचा पुठ्ठा बदलायची वेळ आलीच तर आम्लरहित घ्या आणि जुना पुठ्ठा, त्यावर काही लिहिलेलं असो वा नसो, पाकिटात जपून ठेवा. सेलोटेप आणि फेविकॉल बोर्डाच्या जवळही नको. सुटलेलं टोक सुती दोऱ्याच्या एका सैल टाक्याने धरता येतं.

कोकणात आणि घाटमाथ्यावर पावसाळ्यात बोर्ड बाहेरच्या भिंतीवरून उतरवा. सुती कापडात गुंडाळून, सिलिका जेलच्या पुड्या घातलेल्या पेटीत आडवा ठेवा. डांबरगोळ्या रिबनींना लागतील अशा ठेवू नका. दर पंधरा दिवसांनी उघडून कसर आणि बुरशी बघा. पांढरी भुकटी दिसली तर घरात झटकू नका; बोर्ड बाहेर सावलीत वाऱ्यावर सुकू द्या आणि मग मऊ कुंचल्याने, रिबनच्या विणीच्या दिशेने, हलक्या हाताने काढा.